जुनी यंत्रे ऑनलाइन जोडावीत का?

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत आमचे वाहनांच्या सुट्या भागांचे छोटे वर्कशॉप आहे. चार सीएनसी (संगणक-नियंत्रित) टर्निंग सेंटर आणि दोन जुने साधे लेथ आहेत. ज्या कंपनीला आम्ही माल पुरवतो, ती आता उत्पादनाची माहिती ऑनलाइन मागू लागली आहे. एक पुरवठादार सर्व यंत्रे दरमहा भाड्याने डिजिटल प्लॅटफॉर्मला जोडून द्यायला तयार आहे. हा खर्च करावा का?
– एक लघुउद्योजक, वाळूज

उत्तर : खर्च करावा, पण सर्व यंत्रांवर एकदम करू नये. ज्या यंत्रापाशी काम सर्वांत जास्त तुंबते, ते एकच यंत्र आधी जोडा आणि त्याचा वेळ नेमका कुठे जातो ते पाहा.

समजा, जेवणाची सुट्टी वगळता शिफ्टचे 450 मिनिटे काम आहे आणि एका जॉबचा सायकल टाइम, म्हणजे एक नग तयार व्हायला लागणारा वेळ, 3 मिनिटे आहे. दिवसअखेर रजिस्टरवर 108 नग चढले आणि त्यांतले 3 रिजेक्ट झाले. यंत्र प्रत्यक्षात 360 मिनिटेच चालले असेल, तर 90 मिनिटे थांबण्यात, 36 मिनिटे संथ चालण्यात आणि 9 मिनिटे खराब नगांत गेली. म्हणजे यंत्राची खरी कार्यक्षमता 70 टक्के झाली. रजिस्टरवर 108 हा आकडा समाधानकारक दिसतो, पण वाया गेलेली 135 मिनिटे त्यात कुठेच दिसत नाहीत.

यंत्र थांबले एवढेच सेन्सर सांगतो. ते इन्सर्ट (धातू कापणारे पाते) बदलण्यासाठी थांबले, की कच्चा माल न आल्याने, हे ऑपरेटरच सांगू शकतो. म्हणून यंत्राजवळच्या टॅबवर पाच-सहा कारणांची बटणे ठेवा आणि या नोंदींवरून कोणाचाही पगार कापला जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. तसे केले नाही, तर सगळी कारणे ‘इतर’मध्येच जमा होतील.

यंत्र जुने आहे म्हणून अडत नाही. अलीकडच्या सीएनसी कंट्रोलरना इथरनेट पोर्ट असतो. साध्या लेथसाठी मोटारीच्या तारेवर करंट सेन्सर बसवता येतो. मात्र तो एकाच फेजच्या तारेभोवती असला पाहिजे, कारण तिन्ही फेजच्या तारा एकत्र पकडल्या तर त्यांचे प्रवाह एकमेकांना छेदून रीडिंग जवळपास शून्य येते. शिवाय, जॉब चालू नसतानाही मोटार फिरती राहिली तर ती थोडा प्रवाह घेतच राहते. त्यामुळे ‘चालू’ची मर्यादा कागदावर न ठरवता यंत्रासमोर उभे राहून ठरवावी. वीज किंवा इंटरनेट गेल्यावर नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर पाठवणारा गेटवे (यंत्रांची माहिती प्लॅटफॉर्मकडे पोहोचवणारे उपकरण) घ्या, आणि त्याला छोटा यूपीएस जोडा.

यंत्रांचे नेटवर्क ऑफिसच्या संगणकांपासून वेगळे ठेवा. 2010 मध्ये उघडकीस आलेला, कारखान्यांतील कंट्रोलरना लक्ष्य करणारा स्टक्सनेट हा व्हायरस पेन ड्राइव्हमार्फतही पसरत असे. तेव्हा कंट्रोलरला कोणाचाही पेन ड्राइव्ह लावू देऊ नका.

राहिला करार. माहितीची मालकी तुमचीच राहील आणि सेवा बंद केल्यावर सर्व नोंदी साध्या फाइलमध्ये परत मिळतील, हे लेखी घ्या. ग्राहक कंपनीला तयार नगांची संख्या, बॅच क्रमांक आणि तपासणीचे निकाल द्यावेत. यंत्र का थांबले याचा तपशील मात्र तुमच्यापाशीच ठेवावा; दर ठरवताना तोच तपशील तुमच्यासमोर मांडला जाऊ शकतो.