‘नाही’ म्हणायचे इंग्लिश शब्द

अरे, ‘नाही’ म्हणायला इंग्लिशमध्ये तू सगळीकडे ‘रिजेक्ट’च वापरतोयस, ते आधी थांबव. मराठीत आपण नाकारणं, फेटाळणं, धुडकावणं वेगळं ठेवतो ना, तसंच तिकडेही आहे. लग्नाचं आमंत्रण नम्रपणे नाकारायचं तर डिक्लाइन, सरळ ‘नाही करणार जा’ असेल तर रिफ्यूज, आणि डिनाय म्हणजे मुख्यतः आरोप नाकबूल करणं, त्यामुळे ‘ही डिनाइड टु कम’ लिहू नकोस, तिथे रिफ्यूज्डच पाहिजे (मी स्वतः कितीतरी वर्षं हेच चुकत होतो).

डिसमिस मात्र भारी शब्द आहे. कोर्टात याचिका डिसमिस झाली की फेटाळली, नोकरीतून डिसमिस केलं की नारळ दिला, आणि क्रिकेटमध्ये बॅट्समन डिसमिस म्हणजे आउट, म्हणजे एकच शब्द पण आपल्याकडे तीन जागी तीन शब्द लागतात, म्हणून आजूबाजूचं वाक्य बघूनच अर्थ लाव.

स्पर्न (तुच्छतेने धुडकावणं) माझा आवडता, जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ लाथ मारणं असाही होता, म्हणजे आपलं लाथाडणंच की! रोजच्या बोलण्यात कमी येतो, पण वाचताना भेटेल.

आणि बॉयकॉट हे चक्क आडनाव आहे. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो भागात चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा एजंट होता, जमिनीच्या खंडाच्या, म्हणजे भाड्याच्या, भांडणात लोकांनी त्याला अक्षरशः वाळीत टाकला, शेतावर मजूर येईनात, दुकानदार माल देईनात, आणि त्याचं नावच बहिष्काराला चिकटलं. इग्नोरचं काय सांगू, तो तर आपण मराठीतच ‘इग्नोर मार’ करून टाकलाय.