पांढरे बूट धुतल्यावर पिवळे पडले, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की मुलीचे शाळेचे पांढरे कापडी बूट ब्लीच घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवले, सकाळी खसखसून घासले आणि गच्चीवर कडक उन्हात ठेवले. संध्याकाळी बघता तर पुढच्या टोकाला आणि टाचेला पिवळे डाग. आता बूट टाकून द्यायचे का, आणि पुढच्या वेळी मशीनला लावले तर चालतील का, असं तुम्ही विचारताय.

टाकून देऊ नका. असे डाग बहुतेक वेळा निघतात. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवते. शनिवारचा पांढरा गणवेश, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं संचलन, लेझीम, तालुक्याच्या स्पर्धा, सगळीकडे पांढरे कॅनव्हासचे बूट लागतात आणि आमच्या मैदानावर लाल माती आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न पालकसभेत मला दरवर्षी विचारला जातो. माझं मत पक्कं आहे: घरोघरी बूट घासले भरपूर जातात, खळबळले फार कमी जातात. पिवळेपणा तिथून येतो.

कॅनव्हासचं कापड जाड असतं. आत अस्तर, टाचेला आणि पुढे आणखी एक थर, काही बुटांत मध्ये फोम. घासताना साबण या सगळ्या थरांत शिरतो आणि वरवर दोन तांबे पाणी ओतलं तर तो आतच राहतो. मग बूट वाळायला लागतो. पाणी उडतं ते फक्त वरच्या पृष्ठभागावरून, त्यामुळे आतलं पाणी बाहेर सरकत राहतं आणि येताना विरघळलेला साबण व मळ सोबत आणतं. पाणी उडून जातं, साबण आणि मळ तिथेच थांबतात. जो भाग सर्वांत शेवटी वाळतो तिथे हा थर सर्वांत जास्त बसतो, म्हणजे टाच, पुढचं टोक आणि शिवणी. कडक उन्हात तो आणखी पिवळा पडतो. तुमचे डाग नेमके तिथेच आहेत.

ब्लीचने त्यात भर घातली. सुती कापडाला थोडं, पातळ केलेलं ब्लीच थोडा वेळ चालतं. पण बूट म्हणजे नुसतं सुती कापड नाही. त्यात पॉलिस्टरचा दोरा असतो, फोम असतो, तळवा चिकटवायचा गोंद असतो. यातल्या काही गोष्टी ब्लीचने उलट पिवळ्या पडतात, शिवाय रात्रभर भिजवलं की कापडही कमजोर होतं. माझ्या मते शाळेच्या बुटांना ब्लीच लागतच नाही.

आता दुरुस्ती. आधी बूट साध्या पाण्यात बुडवून दाबा, पाणी टाका, पुन्हा भरा, पुन्हा दाबा. टाच आणि टोक अंगठ्याने दाबून आतलं पाणी बाहेर काढा. फेस येणं थांबेपर्यंत आणि ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत हे करत राहा. हे नीट करा, कारण पुढच्या पायरीला व्हिनेगर आहे, आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, तो श्वासात जाणं धोक्याचं असतं. त्यामुळे दोन्ही एकाच बादलीत कधीच नकोत. वास पूर्ण गेला की अर्धी बादली पाण्यात दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर घालून बूट पंधरा-वीस मिनिटं ठेवा. साबणाचा उरलेला खारेपणा त्याने मरतो. मग पुन्हा साध्या पाण्यातून काढा.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात. बूट ओला असतानाच त्याला बाहेरून पांढरा, छपाई नसलेला टिश्यू पेपर गुंडाळा. दोन-तीन पदर, हाताने दाबून कापडाला पूर्ण चिकटलेला, कुठे पोकळी नको. टिश्यू नसेल तर जुन्या पांढऱ्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा चालतो. असा गुंडाळलेला बूट सावलीत, पंख्याखाली ठेवा. आता पाणी कापडावरून उडण्याऐवजी कागदावरून उडतं आणि मळ कागदावर जाऊन बसतो. पूर्ण वाळल्यावर कागद सोला. टाचेच्या जागी कागदावर चहा सांडल्यासारखी पिवळी कडा दिसेल, आणि खालचं कापड पांढरं. अर्धवट ओला असताना कागद काढलात तर उरलेला मळ परत कापडावरच येईल, त्यामुळे घाई नको. डाग थोडे उरले तर हेच एकदा पुन्हा करा.

त्यानेही हटला नाही तर औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साईड आणा. आपल्याकडे साधारण सहा टक्क्यांचं मिळतं, तेवढंच पाणी मिसळून ते निम्मं करा. त्यात खायचा सोडा कालवून घट्टसर लेप करा, हातमोजे घालून डागावर लावा, अर्ध्या तासाने धुऊन टाका आणि पुन्हा कागद गुंडाळा. हा लेप बाटलीत भरून ठेवायचा नाही. त्यातून वायू निघत राहतो, झाकण लावलेली बाटली फुटू शकते.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसणारा लेप लावायचा सल्ला तुम्हाला व्हिडिओत दिसेल. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते पाणी आणि थोडं क्षार. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण वेगवेगळ्या वेळी.

पुढच्या वेळी धुताना बूट भिजवायच्या आधी कोरडे असतानाच मोकळे करा. नाडी काढा, आतला पॅड निघत असेल तर काढा, बूट एकमेकांवर आपटून माती झाडा आणि जुन्या टूथब्रशने शिवणीतली धूळ काढा. ओली माती कधीही पुसू नका. पुसली की ती धाग्यात बसते. वाळू द्या, मग झाडा. अर्धी बादली कोमट पाणी आणि एक चमचा लिक्विड डिटर्जंट पुरतो. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची वडी टाळा, जड पाण्यात साबणाचा चिकट पांढरट साका बनतो आणि तो धाग्यांत अडकतो. घासायला पाच मिनिटं दिलीत तर खळबळायला दहा द्या.

रबराचा तळवा आणि कडा वेगळ्या घासा. तिथे पांढरी टूथपेस्ट छान चालते, कारण तिच्यात बारीक खरखरीत पूड असते. जेल पेस्टचा उपयोग कमी. मात्र कापडावर पेस्ट लावू नका, ती धाग्यांतून निघता निघत नाही.

आमच्याकडच्या लाल मातीबद्दल वेगळं सांगते, कारण कोकणातल्या पालकांचा निम्मा त्रास हाच आहे. या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साईडचा, एका अर्थी तो गंजच. त्यावर ब्लीच चालत नाही, उलट डाग घट्ट होतो. त्याला आंबट काहीतरी हवं. साबणाने धुऊन राहिलेल्या तांबूस डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावा, तासभर ओलं राहू द्या, मग भरपूर पाण्याने काढा. बरेच बूट असतील तर किराणा दुकानातलं लिंबूफूल स्वस्त पडतं, तांब्याभर कोमट पाण्यात एक चमचा. नाडीच्या भोकांतल्या लोखंडी कड्या गंजून भोवती तपकिरी वर्तुळं पडतात, त्यांनाही हाच उपाय. बूट नवे असतानाच त्या कड्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिला तर दमट हवेतही गंज बराच लांबतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे जरूर करावं.

डब्यातली भाजी सांडून हळदीचा डाग पडला आणि साबण लावताच तो लालभडक झाला, तर घाबरू नका. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, हळदीला चुना लावून कुंकू होतं ते याच गुणामुळे. साबण नीट निघाला की तो पुन्हा पिवळा होईल, आणि हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो. म्हणून एरवी मी बूट सावलीत वाळवायला सांगते, पण हळदीच्या डागाला ऊन द्यायला सांगते. अट एकच, आत साबण उरलेला नसावा. गवताचा हिरवा डाग असेल तर धुण्याआधी कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन टिपा. हिरवा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. चोळू नका, टिपा, आणि बोळा हिरवा झाला की दुसरा घ्या.

नीळ घालावी का, हेही पालक विचारतात. कापडी बुटांना आणि नाड्यांना घालावी, अगदी थोडी. निळा रंग पिवळेपणा झाकतो, म्हणून कापड पांढरं दिसतं. शेवटच्या स्वच्छ पाण्यात दोन-तीन थेंब टाकून पाणी हाताने पूर्ण ढवळा आणि मगच बूट बुडवा. थेट बुटावर थेंब पडला तर निळा ठिपका राहील, आणि तो काढणं पिवळ्या डागापेक्षा अवघड. पण आधी पिवळेपणा काढायचा, नीळ नंतर.

मशीनचं विचारलंत. कॅनव्हासचे बूट मशीनला चालतात, थंड पाण्यात, हलक्या फेऱ्यावर, नाड्या काढून, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून, सोबत दोन जुने टॉवेल टाकून म्हणजे ते ड्रमवर आपटत नाहीत. पावडरऐवजी लिक्विड वापरा आणि खळबळण्याचा एक जादा फेरा लावा. ड्रायरमध्ये मात्र कधीच नाही. उष्णतेने गोंद सुटतो आणि तळवा कडेने उघडतो. हेअर ड्रायरचा गरम झोतही याच कारणाने नको. मला विचाराल तर मी हाताने धुवा असंच सांगेन, कारण टाच दाबून साबण काढणं मशीनला जमत नाही.

हे सगळं कापडी बुटांचं. चामड्याचे पांढरे बूट पाण्यात बुडवायचेच नाहीत. ओलसर फडक्यावर शाम्पूचा थेंब घेऊन पुसा, दुसऱ्या स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढा, सावलीत वाळवा आणि रंग नसलेलं क्रीम चोळा. त्यांच्यावर टूथपेस्ट किंवा पांढरा मॅजिक स्पंज नको, दोन्ही खरवडतात आणि चकाकी जाते. जाळीच्या स्नीकर्सना मऊ ब्रश वापरा, कडक ब्रशने जाळीला गोळे धरतात.

मुलं प्रार्थनेच्या आधी डागावर खडू घासतात, त्याला मी हरकत घेत नाही. संचलनाच्या दिवशी तो उपाय चांगला आहे. पांढरं लिक्विड पॉलिशही चालतं, फक्त जुना थर धुऊन काढल्याशिवाय नवा लावू नका. थरावर थर चढला की पाय वाकतो तिथे त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांत माती बसते. दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.

पावसाळ्यात धुतलेले बूट वाळणं हीच मोठी अडचण असते. आत कागदाचे बोळे भरा, पण वर्तमानपत्राचे नकोत, ओल्या अस्तराला शाई लागते. वहीचे कोरे कागद घ्या आणि दर काही तासांनी बदला. रात्री बूट पंख्याखाली, टाच वर करून भिंतीला टेकवून ठेवा. आत ओल राहिली की बुरशी धरते आणि तिचे काळे ठिपके पांढऱ्या कापडावरून पूर्ण जात नाहीत. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर मुलीला रोजच्या जाण्यायेण्याला प्लास्टिकचे बूट द्या आणि पांढरे पिशवीतून शाळेत पाठवा, आमच्या बऱ्याच मुली तसंच करतात. सुट्टीत ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, कापडी पिशवीत ठेवा आणि नव्या वस्तूंसोबत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. स्नीकर्स वर्षानुवर्षं माळ्यावर पडले तर त्यांचा पॉलियुरेथेनचा तळवा हवेतल्या ओलीने आतून कुजतो, वरून धड दिसतो आणि पहिल्याच चालण्यात भुगा होतो. त्यामुळे ते जपून ठेवण्यापेक्षा अधूनमधून वापरा.

तुमच्या बुटांचं एक तपासून बघा. पिवळी रेघ कापड आणि रबर जिथे जुळतात अगदी त्या ओळीवर असेल, तर तो बहुधा गोंद वर आलेला आहे. तो व्हिनेगरने किंवा पेरॉक्साईडने जाणार नाही, आणि जास्त घासलंत तर तळवा सुटेल. तेवढ्या रेघेवर बारीक ब्रशने पांढरं पॉलिश लावा आणि बाकीच्या डागांना आज संध्याकाळीच व्हिनेगरच्या पाण्यात घाला. पंखा चालू राहिला तर सहसा दोन दिवसांत बूट पूर्ण वाळतात.