संध्याकाळी खोलीवर एकटं असताना मन खूप उदास होतं. बरं वाटण्यासाठी साधं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की काम घरूनच असतं, खोलीवर एकटे राहता आणि दिवेलागणीच्या सुमाराला काहीच करावंसं वाटत नाही. ही कातरवेळ मी भरपूर काढली आहे, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी पुण्यातली माझी नोकरी गेली आणि मी साताऱ्याला आईकडे परत आलो. दिवसभर कॉटवर पडून फोन बघायचो. जो तो म्हणायचा, सकारात्मक विचार कर. मन खचलेलं असताना ते जमत नाही आणि जमत नाही म्हणून आणखी अपराधी वाटतं. त्यामुळे तो सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

एके दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "ज्वारीचं पीठ संपलंय. माझे गुडघे धरलेत, तेवढं दळण आणतोस का?" दोन दिवस अंघोळ केली नव्हती. तसंच बाहेर कसं जायचं, म्हणून आधी अंघोळ केली. पाच किलो ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेलो. माझ्या आधी दोन डबे होते, म्हणून बाकावर बसून राहिलो. पट्ट्याचा तो आवाज इतका मोठा, की डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. गिरणीवाल्याच्या भुवयासुद्धा पिठाने पांढऱ्या झालेल्या. माझा नंबर आल्यावर त्याने ओरडून विचारलं, "भाकरीला ना? बारीक?" मी "हो" म्हणालो. आई सोडून चार दिवसांत कुणाशी बोललेला तो माझा पहिला शब्द होता.

येताना डबा पोटाशी धरला होता. ताज्या पिठाची ऊब शर्टातून आत येत होती. ती ऊब मला अजून आठवते. आईने त्याच पिठाच्या भाकरी टाकल्या आणि मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. दुःख गेलं नव्हतं, नोकरीही परत मिळाली नव्हती. पण तासभर तरी तो विचार मनात आला नाही, हे मला रात्री झोपताना लक्षात आलं.

पुढे मी समुपदेशकाकडे गेलो तेव्हा कळलं की ही एक नीट अभ्यासलेली पद्धत आहे. तिला बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात आणि तिची मुळं पीटर लेविनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1970च्या दशकातल्या कामात आहेत. आपण म्हणतो, मन ठीक झालं की कामाला लागेन. पण उदास असलो की आपण एकेक गोष्ट सोडत जातो, मग बरं वाटेल असं दिवसात काही उरतच नाही आणि मन आणखी खाली जातं. मनाला हुकूम सोडता येत नाही, पायात चपला मात्र घालता येतात. म्हणून सुरुवात तिथून करायची.

काम मात्र छोटं हवं, त्याचा शेवट दिसणारा हवा. "उद्यापासून व्यायाम" हे फार मोठं झालं. कपडे इस्त्रीला टाकून येणं, मेथीची एक जुडी आणून निवडणं, एवढंच. तुम्हाला सहा-सातला त्रास होतो, तर साडेपाचलाच बाहेर पडा. एकदा मन खाली गेलं की उठणं फार जड जातं. आणि सामान घरपोच मागवू नका, स्वतः आणायला जा. दोन माणसांशी दोन शब्द होतात, ते फार मोलाचे असतात.

दुसरं म्हणजे सकाळचा उजेड. मी साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चालत जायचो, पुढे पुढे अजिंक्यतारा किल्लाही चढू लागलो. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं आणि ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो. सकाळी अर्धा तास बाहेर काढल्यावर माझी रात्रीची झोप हळूहळू रुळावर आली.

कुणाला फोन करावासा वाटत नसेल तर काहीतरी निमित्त काढा. मी मावशीला थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण विचारलं. ती अर्धा तास बोलली, मी नुसतं ऐकलं. "कसा आहेस" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं नाही, तरी सोबत मिळाली. दारूने मात्र दुसऱ्या दिवशी जास्तच वाईट वाटतं, ती टाळा. आणि एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12 तपासून घ्या. माझं बी12 बरंच कमी निघालं होतं.

हे सगळं नेहमीच्या उदासीसाठी झालं. दोन आठवडे जवळपास रोज असंच वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर डॉक्टरांना भेटा. जगावंसं वाटत नाही असा विचार आला, तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 2022पासून सुरू आहे. नंबर 14416, चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं. मी मदत मागायला दोन महिने उशीर केला. तुम्ही करू नका.