उन्हात बंद पडणारी पद्मिनी, पेट्रोलचा वास आणि खाली जाणारा ब्रेक

प्रश्न (नागपूर): माझी १९८६ची प्रीमियर पद्मिनी सकाळी एका स्टार्टरमध्ये सुरू होते. मे महिन्यात मात्र अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये चालली की आचके देऊन बंद पडते. वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. एक मेकॅनिक इंजिन खोलायला सांगतो, दुसरा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप बसवायला. काय करू?

उत्तर: इंजिन खोलू नका. थंड झाल्यावर गाडी नीट पळते, म्हणजे दोष बोअर-पिस्टनचा नाही. गरम झाल्यावर एक तर करंट जातो किंवा पेट्रोल. कोणतं जातं हे फक्त गाडी बंद पडलेली असतानाच कळतं, त्यामुळे तपासणी तिथेच रस्त्याच्या कडेला करायची. घरी आणून उपयोग नाही.

आधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. ते साफ केलं की काम झालं.

तसं नसेल तर करंट बघा, आणि तोही पेट्रोलची नळी सोडण्याआधी. डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा भाग) कॅपमधली कॉइलची मधली वायर काढा, रबरी मुठीच्या पकडीने धरा, टोक ब्लॉकपासून ५-६ मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडक ‘टक-टक’ वाजणारी असेल तर इग्निशन ठीक आहे. पिवळट आणि मलूल असेल किंवा मुळीच नसेल, तर पहिला संशय कंडेन्सरवर. गरम झाला की आतलं इन्सुलेशन दगा देतं, थंड झाला की पुन्हा चालतो. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) उघडून बघा: एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसला तर तो कंडेन्सर बिघडल्याचा पुरावा. पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदला. नंतर कॉइल. हात लावता येणार नाही इतकी ती तापत असेल तर तीही संशयित.

नवे पॉइंट बसवताना इंजिन हाताने फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर आणा आणि मगच फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, मारेल्लीच्या डिस्ट्रिब्युटरला ०.४२ ते ०.४८. पाती किंचित अडकत सरकली पाहिजे. कॅमला मोहरीएवढं ग्रीस लावा. कोरडी टाच झिजते, फट कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. मग गाडी आणखी तापते आणि लोक रेडिएटरला दोष देतात. फट बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून शेवटी ते तपासायचंच.

ठिणगी चांगली असेल तर तो वेपर लॉक. पद्मिनीचा ‘एसी’ बनावटीचा पेट्रोल पंप (एअर कंडिशनरचा नव्हे) इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला असतो. ट्रॅफिकमध्ये हवा लागत नाही, पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण पुढे जात नाही. मुंबईतले टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच. तुम्हीही टाका. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान पक्कं.

कायमचा उपाय म्हणजे पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड इन्सुलेटर तपासणं. पंप बदलताना तो हरवतो आणि नुसत्या कागदी गॅस्केटवर पंप बसवला जातो. मग उष्णता थेट पंपात शिरते. पण खबरदारी म्हणून दोन इन्सुलेटर लावू नका: जाडी वाढली की दट्ट्याची हालचाल कमी होते आणि चढावर पेट्रोल पुरत नाही. नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर दूर बांधा. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर झुकला पाहिजे.

इलेक्ट्रिक पंप शेवटचा उपाय. बसवलाच तर टाकीजवळ बसवा, दाब २ ते ३ पीएसआयचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर कार्बोरेटरची फ्लोट सुई उघडून पेट्रोल ओसंडेल. त्याला ऑइल प्रेशरचा कट-ऑफ स्विच हवाच, नाहीतर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओतत राहतो.

प्रश्न (ठाणे): हल्ली बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो. नळ्या दोन वर्षांपूर्वीच बदलल्या होत्या. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलमुळे असेल का?

उत्तर: शक्यता मोठी आहे. साध्या रबराची नळी इथेनॉलने फुगते, मऊ होते, आणि पुढे वाकवल्यावर तिला बारीक भेगा दिसतात. नळी क्लिपपाशी नखाने दाबून बघा: खूण राहिली तर ती गेली. नवी घेताना ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेली मागा. तिचं आतलं अस्तर इथेनॉल सोसतं. पंपाचा पडदाही त्याच तोडीचा हवा. पडदा फाटला तर पेट्रोल सम्पमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं, म्हणून डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर गाडी सुरूच करू नका. आधी पडदा आणि ऑइल बदला.

इथेनॉल टाकीतला जुना चिकटाही सोडवतं. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिला ५०० किलोमीटरला बदला.

गाडी गरम असतानाही आचके देत असेल, चोक थोडा ओढल्यावर बरी चालत असेल, तर मिश्रण पातळ झालंय. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. जेटचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून व्यास चार टक्क्यांनी वाढवला की पुरतं: कार्बोरेटरच्या मेन जेटवर (इंधन सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) १२० आकडा असेल तर १२५ लावा. जेट तारेने मोठा करणं हा गुन्हा आहे. भोक वाकडं होतं आणि मग कोणताच हिशेब लागत नाही.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते. इथेनॉल पाणी ओढतं आणि प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून तळाशी वेगळी बसतात. इंजिनला पहिला घोट त्यांचाच मिळतो आणि टाकी आतून गंजते ती वेगळीच.

प्रश्न (कोल्हापूर): ब्रेकचं पेडल खाली जातं, दोनदा मारल्यावर धरतं. मास्टर सिलिंडर बदलू का?

उत्तर: आधी एक करा. पेडल दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. टणक राहिलं तर मास्टर सिलिंडर बहुधा ठीक आहे. शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. पाय तसाच ठेवूनही पेडल हळूहळू बसत गेलं तर मास्टरचे रबरी कप झिजलेत किंवा कुठे तरी गळती आहे. ड्रम काढा आणि व्हील सिलिंडरचं धूळ-रबर उलटून बघा. आत ओल दिसली तर किट बदला. बोअरवर गंजाचे खड्डे असतील तर किट टिकणार नाही, अख्खा सिलिंडरच घ्या. ऑइल लागलेले लायनर धुऊन वापरू नका.

हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकाजवळचं हवा काढायचं निपल बंद केल्याशिवाय पेडल सोडायचं नाही आणि ब्रेक फ्लुइडच्या टाकीतली पातळी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. नाहीतर पहिल्यापासून करावं लागतं. फ्लुइड डॉट ३, सीलबंद बाटलीतलंच. ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल स्पंज होतं. दोन वर्षांनी सगळं बदला. इंजिन ऑइलचा एक थेंबही त्यात जाता कामा नये, सगळे कप फुगून गाडी जॅम होईल. हे झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

प्रश्न (पुणे): आमची १९७२ची फियाट ‘व्हिंटेज’मध्ये नोंदवावी का?

उत्तर: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपातल्या खासगी गाड्यांसाठी २०२१पासून वेगळी ‘व्हीए’ मालिका आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. रविवारी घरच्यांना घेऊन फिरायला जायचं असेल तर नेहमीची नोंदणीच नूतनीकरण करून ठेवा.