पहिले स्लिक टायर घेताना

पणजीहून कोइंबतूरच्या कारी रेस ट्रॅकपर्यंत गाडी स्वतः चालवत नेणार असाल, तर पूर्ण स्लिकचा, म्हणजे खाचाच नसलेल्या शर्यतीच्या टायरचा, विचार तूर्त बाजूला ठेवून सेमी-स्लिक (मोजक्या खाचांचे) घ्यावेत. खाचा नसलेला टायर पाणी बाहेर फेकू शकत नाही, आणि अनमोड घाटात पावसाची सर कधी गाठेल याचा नेम नसतो.

गाडी ट्रेलरवरून जाणार असेल, तर पूर्ण स्लिक चालतील; त्यात मध्यम कंपाउंड (रबराचे मिश्रण, फार मऊ नाही की कडक नाही) पुरे.

नवखे हमखास दोन ठिकाणी चुकतात:

१. स्वस्तात मिळालेले वापरलेले स्लिक घेणे. वारंवार तापून-थंडावून रबर कडक होते. जाडी शाबूत दिसली तरी पकड गेलेली असते. नख रुतते का, ते पाहावे.

२. घरीच हवा भरून निश्चिंत होणे. टायर तापला की दाब वाढतो, म्हणून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत) परतताच गेज लावून जास्तीची हवा काढावी.

पहिला फेरा मात्र सावकाशच घ्या. थंड स्लिक फसवतो.