बक्षीस समारंभाच्या दिवशी दुखणारं पोट

“माझा मुलगा नववीत आहे. गुण साठ-बासष्टच्या आसपास. बक्षीस समारंभ आला की त्याचं पोट दुखायला लागतं. मागच्या वर्षी तो त्या दिवशी घरीच राहिला, यंदा आतापासूनच ‘मी जाणार नाही’ सुरू झालंय. ऐंशी टक्के मिळाले तर सायकल घेऊन देऊ असं कबूल केलं, तरी ढिम्म हलत नाही. हा आळस आहे की आणखी काही?”

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत आईने विचारलेला हा प्रश्न. माध्यमिक शाळेतल्या मुलांचे पालक तो थोड्याफार फरकाने सतत विचारतात. ही हकिगत एकाच मुलाची नाही. ओळख पटू नये म्हणून सारख्या अडचणीतल्या मुलांचे तपशील इथे एकत्र केले आहेत.

आधी पोटाकडे बघू या, कारण घरात त्याला ‘नाटक’ म्हटलं जात होतं. धास्ती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि पोट खरोखर दुखतं. मुलगा खोटं बोलत नव्हता. तरीही डॉक्टरांची तपासणी आधी करून घ्यायची, विशेषतः दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा ताप असेल तर. इथे तपासणीत काही सापडलं नाही. मग त्याला दोन आठवडे एक साधी नोंद ठेवायला सांगितली: दुखण्याची वेळ, जोर 0 ते 10 मध्ये किती, त्या दिवशी शाळेत काय होतं, आदल्या रात्री झोप किती झाली. नोंद मुलानेच ठेवायची. आईने लिहायला घेतली की तिची पाळत होते, आणि मग पोट दुखलं तरी मुलगा सांगत नाही.

चौदा दिवसांत सहा वेळा दुखलं. त्यातल्या चार दिवशी तपासलेले पेपर वाटले होते किंवा वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवले होते. उरलेल्या दोन दिवशी तो आदल्या रात्री एकनंतर झोपला होता. कोष्टक पाहून आई बराच वेळ गप्प बसली.

दुसऱ्या भेटीत त्याने कंपासपेटीतून गणिताची उत्तरपत्रिका काढली. आठ घड्या घालून पट्टीखाली दडवलेली. चाळीसपैकी तेवीस. घरात कुणी ती उलगडून पाहिली नव्हती, आकडा तेवढा कळला होता. गेलेल्या सतरा गुणांवर तीन रंगांनी खुणा करायला सांगितल्या. लाल म्हणजे येतच नव्हतं, निळा म्हणजे येत होतं पण चुकलं, हिरवा म्हणजे वेळ पुरला नाही. लाल निघाले तीन. निळे आठ: वजाबाकीचं चिन्ह सुटलेलं, एक पायरी गाळलेली, प्रश्न अर्धाच वाचलेला. हिरवे सहा. म्हणजे सतरापैकी चौदा गुण अभ्यास न केल्यामुळे गेलेच नव्हते, आणि घरात मात्र वर्षभर ‘अभ्यास कर’ एवढंच चालू होतं. त्याच्या दुखण्याला दिलेलं हे औषधच चुकीचं होतं.

वेळ कुठे गेला तेही त्याच कागदावर दिसत होतं. दुसऱ्या प्रश्नात एकच उदाहरण तीन वेळा खोडून पुन्हा मांडलेलं. उपाय असा ठरला: नव्वद मिनिटांच्या पेपरात गुणाला दोन मिनिटं. तीन गुणांच्या प्रश्नाला सहा मिनिटं होऊन गेली की समासात खूण करायची आणि पुढे जायचं. शेवटची दहा मिनिटं नवीन काही लिहायचं नाही, फक्त चिन्हं आणि एककं तपासायची. पहिल्या दोन सराव पेपरांत हे जमलं नाही, कारण अर्धवट प्रश्न सोडताना त्याचा जीव वर-खाली व्हायचा. तिसऱ्यापासून जमू लागलं.

अभ्यासाची पद्धतही पाहिली. धडा तीन वेळा वाचायचा, ओळीखाली रेघा मारायच्या, झालं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्यानंतर घेतली तर पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलेलं असतं. मुलं इथेच फसतात. वाचून झाल्याबरोबर सगळं येतंय असं वाटतं. म्हणून पंचवीस मिनिटं वाचन, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते, आणि राहिलेलं वेगळ्या शाईने. तोच कागद दोन दिवसांनी पुन्हा, न बघता.

आता कौतुकाचा भाग. शाळेने चांगल्या हेतूने सुचवलं की त्याला ‘सर्वाधिक प्रगती’चं बक्षीस देऊ या. ते नको म्हणून सांगावं लागलं. चौदा वर्षांच्या मुलाला सांत्वनाचं बक्षीस दुरून ओळखू येतं, आणि मित्रांनाही. त्याऐवजी वर्गशिक्षिकेला आठवड्यातून एकदा वहीत एक ओळ लिहायची विनंती केली. पहिल्या आठवड्यात ओळ आली, ‘छान! अशीच प्रगती कर.’ आणि बाईंनी ती वर्गात वाचूनही दाखवली. मधल्या सुट्टीत मुलांनी त्याला ‘प्रगती’ म्हणून चिडवलं, दुसऱ्या दिवशी पोट दुखलं. मग दोन गोष्टी बदलल्या. ओळ वाचायची नाही, आणि तिच्यात त्याने नेमकं काय केलं ते असायला हवं. पुढच्या आठवड्यात आलं, ‘तिसऱ्या उदाहरणात कंस सोडवण्याची पायरी गाळली नाहीस, म्हणून चिन्ह चुकलं नाही.’ ही ओळ त्याने तीन दिवसांनी समुपदेशनात तोंडपाठ म्हणून दाखवली. ‘छान’ मुलाला उद्या पुन्हा करता येत नाही, पायरी न गाळणं करता येतं.

घरातही हाच बदल. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या प्रयोगांत ‘तू हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. पण ‘मेहनत केलीस हं’ हे वाक्यही दर वेळी तेच आलं की पोकळ होतं. आईने काय पाहिलं ते सांगावं: “आज अडलेलं उदाहरण सोडून पुढे गेलास, मग परत आलास.”

झोप सुमारे साडेसहा तासांची होती. या वयाला 8 ते 10 तास लागतात. एकदम दोन तास आधी झोपवायचा प्रयत्न फसतो, मूल अंथरुणात जागं पडून राहतं आणि विचार करत बसतं. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत, सगळ्यांचाच.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पालकाने थांबून पाहू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, आवडीच्या गोष्टी सोडत असेल, खाणं-झोप बिघडली असेल किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलत असेल, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. या मुलालाही विचारलं होतं. उत्तर ‘नाही’ असं आलं, आणि ते पुढच्या भेटींतही पुन्हा पडताळलं.

तीन महिन्यांनी गणितात चाळीसपैकी एकोणतीस, भाषेत फारसा फरक नाही. दोन आठवड्यांत सहा वेळा दुखणारं पोट एकदा दुखलं. समारंभाला तो गेला, मागच्या रांगेत मित्रांजवळ बसला. कोणतंही बक्षीस मिळालं नाही.

राहिला सायकलचा प्रश्न. “आता काय करू? ऐंशी तर होणार नाहीत,” आईने विचारलं. बासष्टवरून ऐंशी म्हणजे एका वर्षात अठरा टक्के. पहिल्या चाचणीनंतरच मुलाने हिशेब केला होता की हे होणार नाही, आणि त्या दिवसापासून सायकल म्हणजे आपण कमी पडल्याचा रोजचा पुरावा झाली होती. आईला सांगितलं, ऐपत असेल तर सायकल घ्या, पण निकालाच्या आधी, एखाद्या साध्या दिवशी, आणि देताना गुणांचा उल्लेख करू नका. ती त्याला क्लासला जायला लागते, एवढंच कारण सांगा.