किल्ली हातात देईपर्यंत एकाने मागे थांबा

तुम्ही लिहिलंय की सतरा वर्षांनी इंग्लंडमधलं स्लीफर्ड सोडून पुण्याला परतताय. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून मेअखेरची तिकिटं काढून झाली आहेत आणि घर अजून बाजारात आलेलं नाही. किल्ली एजंटकडे ठेवून निघावं आणि व्यवहार पुण्यातून उरकावा, की दोन-तीन वर्षं घर भाड्याने द्यावं, असं विचारलंय तुम्ही. मला विचाराल तर दोन्ही नको. मुलांना घेऊन एकाने मेमध्ये जावं आणि दुसऱ्याने किल्ली नव्या मालकाच्या हातात पडेपर्यंत तिथेच राहावं. आम्ही तुमच्याच लिंकनशरमध्ये, लाउथला, चौदा वर्षं राहिलो आणि २०२२ च्या जूनमध्ये घर विकून सांगलीला परतलो. आम्हीही आधी तिकिटं काढली होती. ती दोनदा बदलावी लागली, म्हणून एवढं ठामपणे लिहितेय.

आपल्या मनात इसार आणि साठेखत असतं. पैसे घेतले, सह्या झाल्या, की माणूस शब्दाला बांधला गेला. इंग्लंडमध्ये तसं नाही. तुम्ही ऑफर मान्य करता, दारात ‘सोल्ड’ची पाटी लागते, शेजारी अभिनंदन करतात, पण कायद्याने अजून कोणीच कोणाला बांधील नसतं. दोन्हीकडचे सॉलिसिटर, म्हणजे घराचे व्यवहार बघणारे वकील, करारांची अदलाबदल करतात, म्हणजे ‘एक्स्चेंज’ होतं, खरेदीदाराची साधारण दहा टक्के अनामत जमा होते, त्या क्षणापासून व्यवहार पक्का. तोवर कोणीही कारण न देता उठून जाऊ शकतं. ऑफरपासून एक्स्चेंजपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. त्याआधी गिऱ्हाईक मिळायला लागणारा वेळ वेगळा.

आमचं घर सप्टेंबर २०२१ मध्ये बाजारात आलं आणि ऑक्टोबरमध्ये चांगली ऑफर आली. एक तरुण जोडपं होतं, त्यांना स्वतःचं घर विकायचं होतं आणि ते घेणाऱ्यालाही स्वतःचं. यालाच तिथे ‘चेन’ म्हणतात, आणि कुठलीही एक कडी अडली की सगळेच अडतात. जानेवारीत, एक्स्चेंज दोन आठवड्यांवर असताना, त्यांनी बारा हजार पौंड कमी करायला सांगितले. सर्व्हेत, म्हणजे घराच्या तपासणीत, काही निघालं नव्हतं. आमची तिकिटं फेब्रुवारीची आहेत हे मीच एजंटला गप्पांच्या ओघात सांगितलं होतं, आणि ते पलीकडे पोचलं होतं. नवरा म्हणाला, देऊन टाकू, संपवू. मी नाही म्हटलं, आणि ते जोडपं निघून गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्हाला तुमच्या तिकिटाची तारीख कोणाला सांगायची असेल तर फक्त तुमच्या सॉलिसिटरला सांगा.

दुसरं गिऱ्हाईक मार्चमध्ये आलं. नॉटिंगहॅमहून निवृत्त झालेलं जोडपं, आधीचं घर विकून भाड्याने राहणारं. त्यांची ऑफर पहिल्यापेक्षा चार हजारांनी कमी होती आणि आम्ही ती आनंदाने घेतली, कारण त्यांच्या मागे कोणतीही चेन नव्हती. लहान गावात हे फार महत्त्वाचं. लाउथची प्रवासी रेल्वे १९७० मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथे घर घेणारे म्हणजे बहुतेक गाडी चालवणारे, निवृत्तीकडे झुकलेले लोक. दहा जण घर बघायला येतील अशी अपेक्षाच ठेवायची नाही. तुमच्याकडे निदान स्टेशन आहे, लिंकन आणि नॉटिंगहॅमला थेट गाडी आहे. जाहिरातीत ते वर यायला हवं.

आता कागद. घर बाजारात आणायच्या आधीच सॉलिसिटर नेमा आणि फॉर्म भरायला घ्या. टीए६ नावाचा फॉर्म घराचा इतिहास विचारतो: शेजाऱ्यांशी वाद, कुंपण कोणाचं, कोणती कामं परवानगीने केली, पूर आला होता का. आमची गाडी दोन ठिकाणी अडली. आधीच्या मालकाने २००४ मध्ये खिडक्या बदलल्या होत्या आणि त्याचं फेन्सा प्रमाणपत्र, म्हणजे खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला, सापडत नव्हतं. एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांना ते किंवा कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, दाखला लागतो. मी कौन्सिलला फोन करणारच होते, तेवढ्यात सॉलिसिटरने थांबवलं. अशा जुन्या त्रुटीसाठी एक छोटा विमा मिळतो, पण कौन्सिलला आधीच कळवलंत तर तो विमा कोणी देत नाही. पहिला फोन नेहमी सॉलिसिटरलाच.

दुसरं पुराचं. लाउथमधून लड नावाची छोटी नदी वाहते, एरवी ओढ्याएवढी. २९ मे १९२० ला वोल्ड्स टेकड्यांवर प्रचंड पाऊस झाला, ती नदी काही मिनिटांत फुगली आणि गावातली २३ माणसं गेली. २००७ मध्येही पाणी शिरलं होतं. आता वरच्या बाजूला पाणी अडवायची सोय आहे आणि आमचं घर तर चढावर होतं, तरी पर्यावरणाच्या सर्च रिपोर्टमध्ये लाल शेरा आला. त्या बिचाऱ्या निवृत्त बाई घाबरल्या. मी सांगलीची. २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या माहेरच्या जिन्यापर्यंत आलेलं फोनवर बघितलंय, त्यामुळे त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. मी त्यांना घरी बोलावलं, नदी कुठून वाहते ते चालत जाऊन दाखवलं आणि चौदा वर्षांत पुराचा एकही दावा नसल्याचं विमा कंपनीचं पत्र त्यांच्या सॉलिसिटरला दिलं. पुण्यात बसून मला हे जमलं नसतं. फॉर्ममध्ये जे खरं असेल तेच लिहा. लपवलेलं पुढे निघालं तर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो.

टीए१० फॉर्म घाईत भरू नका. घरात काय राहणार, काय जाणार ते त्यात लिहायचं असतं, आणि त्यात बागेतली झाडंही येतात. जमिनीत लावलेलं झाड घराबरोबर जातं असंच धरलं जातं. मला मागच्या अंगणातलं गुलाबाचं झाड शेजारच्या आजींना द्यायचं होतं, कारण ते लावायला त्यांनीच शिकवलं होतं. फॉर्ममध्ये ते वगळल्याचं लिहिलं आणि मगच उपटलं. तुळस कुंडीतली, तिचा प्रश्न नव्हता. तीही आजींकडेच गेली, हिवाळ्यात काचेच्या खोलीत ठेवायला सांगून. एजंट सांगेल की घर बघायला लोक येताना खासगी गोष्टी काढून ठेवा. मी फोटो काढून ठेवले, देवघर काढलं नाही. ज्यांनी घर घेतलं त्यांनी त्याच्यासमोर उभं राहून आपणहून चौकशी केली.

टीआर१ हा हस्तांतराचा दस्त. त्यावर तुमची सही साक्षीदारासमोर, त्याच्या देखत व्हावी लागते आणि ते घराच्या नावावर असलेल्या दोघांनाही करावं लागतं. जो मेमध्ये जाणार आहे त्याची सही आधी घेऊन ठेवता येईल का, की मुखत्यारपत्र करायचं, हे सॉलिसिटरला आताच विचारा. भारतातूनही सही करता येते, पण मग ओळखीचे दाखले, कुरियर आणि आठवडे.

भाड्याचं म्हणाल तर तुम्ही अनिवासी घरमालक ठराल. एचएमआरसीची, म्हणजे तिथल्या करखात्याची, परवानगी नसेल तर एजंट भाड्यातून २० टक्के कर कापून घेईल, गहाण असेल तर बँकेची संमती वेगळी. १ मे २०२६ पासूनच्या कायद्याने विकण्यासाठी घर रिकामं करून घ्यायचं तर भाडेकरूला चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि पहिलं वर्षभर तसं रिकामं करून घेता येत नाही. सात हजार किलोमीटरवरून हे सांभाळू नका. रिकामं ठेवायचं ठरलं तर विम्याची अट वाचा: ३० किंवा ६० दिवसांनंतर बऱ्याच पॉलिसी पाणी गळण्यासारख्या गोष्टींवरचं संरक्षण काढून घेतात.

कराचं थोडक्यात. घर सतत तुमचंच राहतं घर होतं तर सोडल्यानंतरचे शेवटचे नऊ महिनेही सवलतीत धरले जातात. पण अनिवासी झाल्यावर विकलंत तर कर शून्य असला तरी कम्प्लिशनपासून, म्हणजे पैसे मिळून किल्ली देण्याच्या दिवसापासून, ६० दिवसांत एचएमआरसीला कळवावं लागतं, नाहीतर दंड. भारतात सतरा वर्षांनी परतणाऱ्याला सुरुवातीला बहुधा ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ हा दर्जा मिळतो आणि तो असेपर्यंत परदेशातल्या घराचा नफा इथे करपात्र नसतो. तुमचे दिवस मोजून सीएकडून खात्री करा.

कम्प्लिशन शुक्रवारी ठेवू नका. बँकेचे पैसे अडकले तर सोमवारपर्यंत सामान ट्रकमध्ये बसतं. आमचं बुधवारी होतं, बाजाराचा दिवस. नवरा आणि मुलगा आधीच सांगलीत होते. सकाळी मी मीटरचे फोटो काढले, पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे आणि कुठला कचऱ्याचा डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा ते कागदावर लिहून स्वयंपाकघरात ठेवलं. मग बाजारात ज्याच्याकडून चौदा वर्षं भाजी घेतली त्याला सांगून आले. टीआर१ वर माझ्या सहीखाली साक्षीदार म्हणून सही शेजारच्या आजींची होती. पैसे पोचल्याचा फोन सव्वाबाराला आला आणि किल्ली एजंटकडे द्यायला त्याच माझ्याबरोबर चालत आल्या.